मुक्त मार्ग नेमका कोणासाठी मुक्त?

मुंबईचा पूर्व मुक्त मार्ग जून २०१३ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि २०१४ साली तो घाटकोपरच्या छेडानगरपर्यंत पोहोचला. दक्षिण मुंबईतून निघालेली मोटार सुमारे १७ किलोमीटर कुठेही सिग्नलला न थांबता उपनगरात येऊ लागली. हा मार्ग जनतेच्या पैशातून झाला. मात्र त्यावर दुचाकी, रिक्षा आणि पादचारी यांना मज्जाव आहे. पूर्व उपनगरातील कष्टकरी माणूस आजही मध्य आणि हार्बर रेल्वेच्या गर्दीत चेंगरूनच कामावर जातो. मग हा मार्ग मुक्त कोणासाठी?

छेडानगरला उतरलेल्या गाड्यांनी पुढचा पूर्व द्रुतगती महामार्ग तुंबला. त्यावर उपाय म्हणून हाच मार्ग ठाण्याच्या आनंदनगरपर्यंत सुमारे १३ किलोमीटर नेण्याचे ठरले. आणि या विस्ताराच्या वाटेत आले घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर!

आंबेडकरी जनतेला या वस्तीची ओळख करून द्यावी लागत नाही. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, संतप्त जनता याच महामार्गावर उतरली आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा भीमसैनिक शहीद झाले. महामार्गावरचे गॅसचे टँकर जमाव पेटवून देणार होता, असा कांगावा तेव्हा करण्यात आला. गुंडेवार आयोगाने तो फेटाळला आणि गोळीबार असमर्थनीय ठरविला. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यास जन्मठेप सुनावली, पण पुढे त्याला जामीन मिळाला. त्या दिवशी माणसांच्या जिवापेक्षा महामार्ग मोठा ठरला होता. आज त्याच महामार्गाच्या नावाने सरकार पुन्हा आपल्या दारात आले आहे, हे विसरून चालणार नाही.

या वेळी हाती बंदूक नाही, पुनर्विकासाचा आराखडा आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून येथील सुमारे १७ हजार झोपड्यांचा पुनर्विकास करणार असून ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे भूमिपूजनही झाले. पक्क्या घराला आपला विरोध असण्याचे कारण नाही. चिखलात राहण्याची हौस कोणालाच नसते. प्रश्न आहे तो हक्काचा. घर उपकार म्हणून मिळणार की अधिकार म्हणून?

१९८५ साली ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. परंतु त्याच निकालाने पदपथवासीयांना हटविण्यासही मोकळीक दिली, हे आपले लोक विसरतात. न्यायालयाचा निकाल एकटा घर वाचवीत नाही. कागद आणि संघटना लागते. माहुलला पाठविलेल्या विस्थापितांना प्रदूषणात दिवस काढावे लागले आणि न्यायासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, हा धडा जुना नाही.

म्हणून रहिवाशांनी काही गोष्टी ठामपणे मागितल्या पाहिजेत. परिशिष्ट-२ मध्ये आपले नाव आहे की नाही हे प्रत्येकाने स्वतः तपासावे. अपात्र ठरलेल्यांनी मुदतीत अपील करावे. १ जानेवारी २००० नंतरच्या, २०११ पर्यंतच्या रहिवाशांना सशुल्क घराची तरतूद आहे, ती त्यांना समजावून सांगावी. करार हाती आल्याशिवाय आणि भाडे मिळाल्याशिवाय घराची चावी देऊ नये. शहिदांचे स्मारक, बाबासाहेबांचा पुतळा आणि बुद्धविहार यांची जागा नकाशात लेखी दाखविली पाहिजे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

हे मागणे अवास्तव नाही. याच मार्गावरील गुलाबी फुलांची झाडे वाचावीत म्हणून नागरिकांनी आवाज उठविला, तेव्हा आराखड्यात बदल करण्याचे प्राधिकरणाने जाहीर केले. झाडे वाचली तर आनंदच आहे. पण झाडांसाठी आराखडा बदलतो, तर माणसांसाठी का बदलू नये?

राजकीय समता मिळाली तरी सामाजिक व आर्थिक विषमता कायम राहिली तर लोकशाही धोक्यात येईल, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. वर मोटारी धावणार आणि खाली माणसे कागदासाठी खेटे घालणार, ही तीच विषमता आहे. रस्ता व्हावा, पण तो आपल्या हक्कांना वळसा घालून नव्हे. त्यासाठी शिकलेल्या तरुणांनी, वकिलांनी वस्तीत जाऊन बसले पाहिजे. ११ जुलैला केवळ फुले वाहून शहिदांचे ऋण फिटणार नाही.

जयभीम!