सशावाचून ससा, बिअरवाचून रेअरबिट

वेल्श रेअरबिट हे नाव आपल्यापैकी काहींनी एखाद्या इंग्रजी कादंबरीत वाचले असेल, काहींनी जुन्या क्लबच्या मेन्यूकार्डावर पाहिले असेल. पदार्थ तसा साधा. भाजलेल्या पावावर मोहरीने झणझणीत केलेले, वितळलेले चीज पसरायचे आणि वरून पुन्हा भाजायचे. पण आज बहुतेक पाककृतींत त्या चीजमध्ये बिअर किंवा 'एल' ही तिचीच बहीण घातलेली असते. माझ्यासारखा माणूस तिथेच थांबतो. माझ्यासारखेच थांबणारे इतरही पुष्कळ आहेत. कुणी धर्मामुळे, कुणी प्रकृतीमुळे, कुणी मोठ्या कष्टाने बाटली सोडली आहे म्हणून. या सगळ्यांनी हा पदार्थ खायचाच नाही का? मला वाटते, खुशाल खावा. आणि मन मारून नव्हे, हक्काने खावा.

आधी नावाचे पाहू, कारण शब्द दिसला की कवीचा हात तिकडे वळतोच. मूळ नाव 'वेल्श रॅबिट', म्हणजे वेल्सचा ससा. १७२५ सालापासून ते लेखनात सापडते. त्यात ससा कधीच नव्हता. वेल्सच्या माणसाला मटण कुठले परवडायला, त्याचा ससा म्हणजे चीजच, अशी ही इंग्रजांनी शेजाऱ्याची केलेली टिंगल असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या बोंबलाला 'बॉम्बे डक' म्हणणारेही तेच. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस कुणाला तरी हा 'ससा' खटकला आणि 'रॅबिट'चे 'रेअरबिट' झाले, म्हणजे दुर्मीळ घास. एरवी इंग्रजीत हा शब्द कुठेच नाही, तो या एका ताटापुरता घडवलेला आहे. भाषाशुद्धीच्या नावाखाली काय काय होते पाहा! फाउलर या कोशकाराने १९२६ साली 'रॅबिट'चीच बाजू घेतली होती, पण मेन्यूकार्डांनी त्याचे ऐकले नाही.

वेल्श लोकांचा स्वतःचा शब्द मात्र याहून जुना आहे. 'काउस पोबी', म्हणजे भाजलेले चीज. ज्या वर्षी बाबर पानिपतावर लढत होता, त्याच १५२६ साली लंडनमध्ये विनोदी गोष्टींचे एक पुस्तक छापले गेले. त्यात एक गोष्ट आहे. स्वर्गात वेल्श मंडळी फार झाली आणि त्यांच्या बडबडीने बाकीचे हैराण झाले. तेव्हा संत पीटर फाटकाबाहेर गेले आणि 'काउस पोबी' असे मोठ्याने ओरडले. सगळे वेल्श धावत बाहेर आले, पीटर चटकन आत शिरले आणि फाटक बंद झाले. भाजलेल्या चीजसाठी स्वर्ग सोडणारी माणसे! विनोद वेल्श माणसाच्या अंगावर आहे खरा, पण त्यातून एक कळते. लोक बाहेर धावले ते चीजसाठी, बिअरसाठी नव्हे.

याचा दुसरा पुरावा अधिक नेमका आहे. हॅना ग्लास या बाईंचे पाककृतींचे पुस्तक १७४७ साली निघाले आणि इंग्लंडच्या घराघरांत पोचले. त्यात तीन 'ससे' दिले आहेत, स्कॉच, वेल्श आणि इंग्लिश. वेल्श प्रकारात पाव दोन्ही बाजूंनी भाजायचा, चीज एका बाजूने भाजून त्यावर ठेवायचे, दुसरी बाजू तापलेल्या लोखंडाने खरपूस करायची आणि हवी तर मोहरी चोळायची. बस्स. पेलाभर लाल वाइन पावावर ओतायला सांगितले आहे ते इंग्लिश प्रकारात. म्हणजे बिअरशिवायचा रेअरबिट हा कुणा सोवळ्या माणसाने काढलेला पर्याय नाही. छापील पुस्तकातला वेल्श रॅबिट तसाच होता.

वेल्सला दारूबंदीचीही मोठी परंपरा आहे. तिथल्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांनी एकोणिसाव्या शतकात दारूविरुद्ध चळवळ उभारली. १८८१ च्या कायद्याने वेल्समधली दारूची दुकाने रविवारी बंद झाली. १९६१ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत मतदान होऊ लागले. ही रविवारची बंदी शेवटच्या जिल्ह्यातून उठली ती थेट १९९६ साली.

आता एका गैरसमजाकडे वळतो, कारण त्यात एखाद्या पाहुण्याचा विश्वास अडकलेला असतो. यजमान म्हणतात, "अहो, घ्या बिनधास्त, आचेवर दारू सगळी उडून जाते." हे खरे नाही. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो हे बरोबर, पण तो पाण्यात मिसळलेला असला की सुटा होऊन पळत नाही, पाण्याबरोबर हळूहळू जातो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात ढवळलेला मद्यार्क पंधरा मिनिटे शिजवल्यावरही सुमारे ४० टक्के उरतो, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के. रेअरबिटचे मिश्रण तर मंद आचेवर जेमतेम पाच-सात मिनिटे असते. उरलेले प्रमाण थोडे असेल, ते चालते की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवण्यासाठी त्याला खरे सांगायला हवे. हॉटेलात मागवताना विचारून घ्यावे, मेन्यूकार्डावर बिअरचा उल्लेख असेलच असे नाही. 'नॉन-अल्कोहोलिक' बिअरचेही लेबल वाचावे, काहींत अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यार्क असतो.

मग बिअर काढली तर तिची जागा कशाने भरायची? ती तिथे काय करते ते पाहिले की उत्तर सापडते. तिच्यामुळे मिश्रण सैल होते, किंचित आंबटपणा येतो आणि चीजचा तुपकटपणा मोडणारा कडवटपणा येतो. सैलपणाला दूध आहे. आंबटपणाला चमचाभर व्हिनेगर आहे. व्हिनेगर मद्यापासूनच बनते, तरी ते मद्य राहिलेले नसते; आमच्याकडे सिरका निषिद्ध नाही, उलट हदीसमध्ये त्याची सालन म्हणून तारीफ आहे. कडवटपणाला माझी पसंती बिनदुधाच्या कडक चहाला.

चार स्लाइससाठी प्रमाण असे. २५ ग्रॅम लोणी, २५ ग्रॅम मैदा, १२० मिलिलिटर दूध, दोन मोठे चमचे कडक कोरा चहा, २०० ग्रॅम किसलेले मुरलेले चेडर, मोहरी, मिरपूड आणि चमचाभर व्हिनेगर. मीठ घालू नये, चीजमध्ये ते असतेच. मोहरीची पूड गार पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवावी. तिचा झणका त्या ओल्या वेळातच तयार होतो, उकळते पाणी घातले तर तो मरतो. मोहरी फेसून लोणचे घालणाऱ्या आपल्या बायकांना हे कुणी शिकवायला नको.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी वितळवून मैदा मिनिट-दोन मिनिटे परतावा, रंग येऊ देऊ नये. दूध थोडे थोडे घालत ढवळावे, मग चहा घालावा. मिश्रण दाट झाले की आच अगदी मंद करावी, आणि मगच चीज मुठीमुठीने घालावे. इथे घाई नडते. चीज फार तापले की त्यातली प्रथिने आखडतात, पाणी आणि तूप पिळून बाहेर पडते आणि हाती रबराचा गोळा व तेलाचा तवंग येतो. मैदा आणि थोडा आंबटपणा हे फाटणे रोखतात, पण उकळीपुढे त्यांचेही चालत नाही. चीज विरघळताच पातेले उतरवून मोहरी, मिरपूड, व्हिनेगर घालावे आणि पाच मिनिटे निवू द्यावे. गरम मिश्रण पावावरून ओघळते, निवलेले नीट पसरते.

आपल्याकडचे डबाबंद प्रोसेस्ड चीजही चालते. त्यात क्षार घातलेले असल्याने ते सहसा फाटत नाही, मात्र चव सपक, म्हणून मोहरी थोडी वाढवावी. पाकिटावरचा ठिपकाही पाहावा. चीजचे दूध विरजायला परदेशात काही ठिकाणी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. ते शाकाहारी माणसाला नको असते आणि हलाल पाहणाऱ्यालाही विचारात पाडते. पुष्कळ पाककृतींत सांगितलेल्या वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही नावाची छोटी मासळी असते, हेही शाकाहारी पाहुणा असेल तर ध्यानात ठेवावे.

पाव जाड कापलेला आणि आदल्या दिवशीचा हवा. तो आधी दोन्ही बाजूंनी कोरडा भाजावा, नाहीतर खाली लगदा होतो. मग मिश्रण अगदी कडेपर्यंत पसरावे, कारण उघडी राहिलेली कड जळते. ओव्हनच्या वरच्या कॉइलखाली तीन-चार मिनिटांत बुडबुडे येऊन तपकिरी ठिपके पडतात. ओव्हन नसेल तर तव्यावर झाकण ठेवून चीज गरम होईल, पण ते ठिपके पडणार नाहीत. तेव्हा सुरी लालभडक तापवून वरून टेकवावी. हॅना ग्लासबाईंचे तापलेले लोखंड ते हेच. वर पाण्यात शिजवलेले अंडे ठेवले की त्याला 'बक रॅबिट' म्हणतात. सोबत कांद्याचे लोणचे द्यावे. खाणाऱ्यांना आधी टेबलाशी बसवावे आणि मगच पाव ओव्हनमध्ये सरकवावा, कारण निवलेला रेअरबिट खाण्यात काही राम नाही.