मिसी, मीरा आणि नाव नसलेल्या कुत्र्या

मिसी कुठल्या खानदानी जातीची नव्हती. थोडी बॉर्डर कोली, थोडी हस्की, अशी ही मिश्र रक्ताची अमेरिकन कुत्री जोन हॉथॉर्न यांची लाडकी होती. जातिवंत कुत्रा गेला तर निदान त्याच जातीचं पिल्लू शोधता येतं. मिसीसारखी दुसरी मिळण्याची काही सोय नव्हती. फिनिक्स विद्यापीठाचे संस्थापक, अब्जाधीश जॉन स्पर्लिंग हे हॉथॉर्न कुटुंबाचे जवळचे स्नेही. १९९७ साली स्कॉटलंडमधल्या डॉली या क्लोन केलेल्या मेंढीची बातमी जगभर पसरली आणि या मंडळींनी ठरवलं, मेंढी होते तर मिसीही होऊ शकेल. १९९८ मध्ये स्पर्लिंग यांनी त्यासाठी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाला २३ लाख डॉलर दिले. पाळीव प्राण्यांच्या क्लोनिंगचा सगळा व्यवसाय या एका कुत्रीच्या मायेतून उभा राहिला.

पण आधी जन्माला आलं ते मांजर. २२ डिसेंबर २००१ रोजी टेक्सासमध्ये 'सीसी' नावाचं पिल्लू जन्मलं, जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर. तिची जनुकं ज्या मांजरीकडून आली ती 'रेनबो' तिरंगी होती: पांढरी, काळपट आणि नारिंगी. सीसीच्या अंगावर मात्र नारिंगी रंगाचा एक ठिपकाही नव्हता. मांजरीत नारिंगी रंग एक्स गुणसूत्रावर ठरतो. मादीकडे अशी दोन गुणसूत्रं असतात आणि गर्भ वाढताना प्रत्येक पेशी त्यांतलं एक कायमचं बंद करते. कुठलं बंद होईल, हे निव्वळ योगायोगावर असतं. सीसी ज्या एका पेशीपासून घडली तिच्यातलं नारिंगी रंगाचं गुणसूत्र बंद झालेलं होतं, आणि ते तसंच राहिलं. म्हणजे जनुकं तंतोतंत तीच असूनही साधा अंगावरचा रंग जुळला नाही. ही गोष्ट पहिल्याच प्रयोगात सगळ्यांना डोळ्यांनी दिसली होती.

२००२ मध्ये मिसी वारली. तिच्या पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या, पण कुत्र्याचं क्लोनिंग काही जमत नव्हतं.

यामागे कुत्रीच्या शरीराची एक खास रचना आहे. क्लोन करताना मूळ प्राण्याच्या त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवतात. दुसऱ्या मादीच्या बीजांडातलं केंद्रक काढून त्या जागी ही पेशी बसवतात, विजेचा सौम्य झटका देऊन दोन्ही एकजीव करतात आणि तयार झालेला गर्भ तिसऱ्याच मादीच्या पोटात वाढवतात. भारतात हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं २००९ मध्ये 'गरिमा' ही म्हैस अशाच क्लोनिंगच्या तंत्रानं जन्माला घातली. म्हशीची बीजांडं कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतून काढून प्रयोगशाळेत पिकवता येतात. कुत्रीचं तसं नाही. तिचं बीजांड अपक्व अवस्थेत बाहेर पडतं आणि बीजवाहिनीत दोन-तीन दिवस राहून पक्व होतं. प्रयोगशाळेत ते नीट पिकत नाही. म्हणून ते जिवंत कुत्रीच्या पोटातून, शस्त्रक्रिया करून, नेमक्या वेळी काढावं लागतं. कुत्री माजावर येते वर्षातून साधारण दोनदा. तेव्हा एका पिल्लासाठी अनेक कुत्र्या हाताशी ठेवाव्या लागतात, काही बीजांडांसाठी आणि काही गर्भाशयासाठी.

कुत्र्याचं क्लोनिंग अखेर २००५ मध्ये दक्षिण कोरियात साधलं. सोल राष्ट्रीय विद्यापीठात वू-सुक ह्वांग यांच्या चमूनं 'स्नपी' हा अफगाण हाउंड क्लोन केला. त्यासाठी १,०९५ गर्भ १२३ कुत्र्यांच्या पोटात ठेवले. तीन गाभण राहिल्या, दोन पिल्लं जन्मली, त्यातलं एक २२ दिवसांत न्यूमोनियानं दगावलं. ह्वांग यांचं मानवी मूलपेशींवरचं संशोधन पुढे बनावट ठरलं, पण चौकशीत स्नपी खरा क्लोन असल्याचं सिद्ध झालं. तो दहा वर्षं जगला. त्या १२३ कुत्र्यांची नावं मात्र कुणालाच ठाऊक नाहीत.

मिसीचा क्लोन, 'मीरा', डिसेंबर २००७ मध्ये कोरियातच जन्मली. ज्यांच्यासाठी हा दहा वर्षांचा खटाटोप चालला होता त्या जोन हॉथॉर्न यांनी मीराला पाहिलं आणि न्यूयॉर्क टाइम्सला स्वच्छ सांगितलं की दोघी अजिबात सारख्या नाहीत. मिसी शांत होती, घरात येऊन वाइनचे ग्लास पाडणारी नव्हती. मीरा राहिली जोन यांचा मुलगा लू याच्याकडे. हाच लू हॉथॉर्न कुत्र्यांच्या क्लोनिंगची कंपनी चालवत होता. २००९ मध्ये त्यानं ती बंद केली आणि कारणं जाहीरपणे लिहिली: ग्राहक फारच थोडे, आणि निकालांचा भरवसा नाही. जिथे पांढरा रंग हवा तिथे हिरवट-पिवळा रंग घेऊन जन्मलेलं पिल्लू, हाडांत व्यंग असलेली पिल्लं, असे अनुभव त्यानं नोंदवले. या धंद्याविरुद्धची सर्वांत प्रामाणिक साक्ष धंद्याच्या प्रवर्तकानंच दिली आहे, आणि ती फार कमी लोकांनी वाचली.

धंदा थांबला नाही. टेक्सासमधल्या वायाजेन कंपनीकडे कुत्र्याच्या क्लोनिंगचा दर ५० हजार डॉलरच्या घरात आहे. गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांची 'समांथा' ही कुत्री २०१७ मध्ये गेली. तिच्या दोन क्लोनचे स्वभाव वेगळे आहेत, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. अर्जेंटिनाचे अध्यक्ष हाविएर मिलेई यांनी 'कोनान' या मॅस्टिफचे क्लोन करून घेतले आणि त्यांना अर्थतज्ज्ञांची नावं दिली. माजी अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडी यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांची 'जुनी' ही कुत्री २०२३ मध्ये वारलेल्या 'लुआ'चा क्लोन आहे. ज्या कोलोसल कंपनीनं हे काम केलं तिच्यात ब्रेडी यांची गुंतवणूक आहे, हे वाचकानं ध्यानात ठेवलेलं बरं.

अशा माणसांना वेडं ठरवणं सोपं आहे, आणि ते अन्यायाचं आहे. बारा-चौदा वर्षं सकाळ-संध्याकाळ ज्याच्यासोबत फिरायला गेलो, दार उघडताच जो धावत आला, तो गेल्यावर घर खायला उठतं. माणूस गेला की आपल्याकडे दहावं-तेरावं असतं, भेटायला येणारी माणसं असतात, रजा मिळते. कुत्रा गेला की दुसऱ्या दिवशी कामावर जायचं आणि कुणी विचारलंच तर 'दुसरं पिल्लू आण' हा सल्ला ऐकायचा. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८०च्या दशकात अशा शोकाचा विचार मांडला: जो शोक समाज शोक मानतच नाही, तो माणसाला एकट्यानं वाहावा लागतो आणि म्हणून जास्त जड होतो. क्लोनिंगच्या जाहिरातीला गिऱ्हाईक मिळतं ते या एकटेपणात. शेजारीपाजारी, कचेरीतले सहकारी चार शब्द नीट बोलले असते, तर त्यातली काही माणसं त्या वाटेला गेलीही नसती.

व्यवहाराची वेळ तर फारच वाईट आहे. पेशी आधी साठवलेल्या नसतील तर मृत्यूनंतर साधारण पाच दिवसांत नमुना घ्यावा लागतो. तोवर देह थंड ठेवायचा, पण गोठवायचा नाही. म्हणजे माणूस सर्वांत हळवा असताना, रडणं थांबलेलं नसताना, त्यानं लाखो रुपयांचा आणि नव्या जिवाचा निर्णय घ्यायचा. येणारं पिल्लू हे फार तर मागाहून जन्मलेलं जुळं भावंड असतं. त्याचं स्वतःचं बालपण, स्वतःची भीती, स्वतःची आवड असते. त्यानं आयुष्यभर दुसऱ्याची जागा भरून काढावी, ही अपेक्षा त्या पिल्लावरही अन्याय करते.

क्लोन केलेल्या कुत्र्याकडे वस्तू म्हणून पाहिलं तर काय होतं, याचं उदाहरण कोरियात आहे. इंचॉन विमानतळावर पाच वर्षं सामान हुंगण्याचं काम करणारा 'मेई' हा क्लोन केलेला बीगल निवृत्तीनंतर पुन्हा प्रयोगशाळेत पाठवला गेला. २०१९ मध्ये तो अस्थिपंजर अवस्थेत मेला आणि देशभर संताप उसळला.

स्नपीनंतर तंत्र सुधारलं, आता एका पिल्लामागे शंभराहून अधिक कुत्र्या लागत नाहीत. तरी बीजांड देणारी आणि गर्भ वाढवणारी कुत्री लागतेच, आणि दोघींवरही शस्त्रक्रिया होते. ब्रिटनमधली प्राणिकल्याण संस्था आरएसपीसीए पाळीव प्राण्यांच्या क्लोनिंगला विरोध करते तो मुख्यतः यासाठीच. हा आक्षेप योग्य आहे. एका कुत्रीवरच्या प्रेमाचा खर्च दुसऱ्या कुत्र्यांच्या अंगावर टाकता येत नाही, मग खिशात कितीही पैसा असो.

स्नपीमागचा १२३ हा आकडा जगाला कळला, कारण शोधनिबंधात तो द्यावा लागला. खासगी करारात तशी सक्ती नसते. ती करायला हवी. सही घेण्याआधी कंपनीनं ग्राहकाला लेखी सांगावं की एका पिल्लामागे किती कुत्र्यांची पोटं चिरली जातात, किती गर्भ वाया जातात, किती पिल्लं जन्मताच दगावतात आणि काम संपल्यावर त्या कुत्र्या कुठे जातात.