महात्मा जोतीराव फुले यांचे पुणे शहरातील स्मारकस्थल : एक विवेचन

एखाद्या थोर पुरुषाचे स्मारक नगरात कोठे करावे, हा प्रश्न आला की तो नगरपालिकेचा, वर्गणीदारांचा किंवा फार तर शिल्पकाराचा आहे, असे सामान्यतः समजले जाते. इतिहाससंशोधकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन नाही, असेही कित्येकांस वाटते. आमचे मत याहून भिन्न आहे. स्मारक म्हणजे दगडात लिहिलेला दस्तऐवज होय. कागदी दस्तऐवजाचा शोध घेताना तो कोणी, केव्हा व कोठे लिहिला हे आपण विचारतो. तेच प्रश्न दगडी दस्तऐवजासही लागू पडतात. मनुष्यमात्राच्या नागरी हक्कांसाठी ज्यांनी या प्रांतात प्रथम झुंज दिली, त्या जोतीराव फुले यांच्या स्मारकस्थलाचा पुण्यातील इतिहास या दृष्टीने वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

(१) आपल्याकडील जुनी रीत

आपल्या देशात स्मरणार्थ स्थल निवडण्याच्या तीन रीती पूर्वापार दिसतात. पहिली, देह जेथे पडला किंवा ज्याला अग्नी जेथे दिला त्या स्थलाची. गावोगावचे वीरगळ, समाध्या, वृंदावने व छत्र्या या वर्गातील होत. पुण्याजवळ वानवडी येथे महादजी शिंदे यांचा १७९४ साली अंत झाला आणि तेथेच त्यांची छत्री उभी आहे, हे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. दुसरी रीत कर्मभूमीची : ज्या जागी त्या पुरुषाने आपले मुख्य कार्य केले, ती जागा लोक आपण होऊन पूज्य मानू लागतात. तिसरी रीत धर्मशास्त्रकारांनी ज्यास पूर्तकर्म म्हटले आहे त्याची. विहीर, तलाव, धर्मशाळा, बाग अशी लोकोपयोगी वास्तू बांधून तिच्याशी नाव जोडणे, हे तिचे स्वरूप. पहिल्या दोन रीतींत स्थल आधी ठरलेले असते, स्मारक मागाहून येते. तिसरीत स्थल आपल्या इच्छेवर अवलंबून राहते. म्हणून वाद होतात ते बहुधा तिसरीतच. चौक, रस्ता, बाजार व पुतळा ही तिचीच अर्वाचीन रूपे होत.

(२) पुण्यातील स्थले

जोतीरावांचा जन्म १८२७ चा व मृत्यू २८ नोव्हेंबर १८९० चा. त्यांचे बहुतेक आयुष्य पुण्यातच गेले. त्यांच्या चरित्राशी प्रमाणसिद्ध संबंध असलेली स्थले पाहू लागल्यास तीन प्रमुख ठरतात.

पहिले, बुधवार पेठेतील भिडे वाडा. तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. दुसरे, विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या या वाड्यात पुढे इंग्रजी अमलात संस्कृत पाठशाळा भरत असे. तेथेच नोव्हेंबर १८५२ मध्ये सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. ज्या विद्येचे दार शूद्रातिशूद्रांस व स्त्रियांस शतकानुशतके बंद होते, त्या विद्येच्या पाठशाळेत हा सत्कार व्हावा, हा योग इतिहासाने सहजी घडविला. संस्कृताच्या अभ्यासात ज्यांचे आयुष्य गेले त्या आमच्यासारख्यांस तर तो विशेष विचार करावयास लावतो. तिसरे स्थल गंज पेठेतील त्यांचे राहते घर. १८६३ साली निराधार विधवांसाठी बालहत्याप्रतिबंधक गृह येथे निघाले. १८६८ साली घरातील पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले तेही येथेच. ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर १८९१ साली छापून निघाले.

(३) पहिला नकार

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जोतीरावांनी आपल्या स्मरणाचे स्थल स्वतःच ठरविले होते. १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र केले. त्यात आपला देह दहन न करता मिठात घालून पुरावा, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली; आणि त्यासाठी घराच्या मागील बाजूस खड्डाही करवून ठेवला होता. परंतु देहान्तानंतर लोकवस्तीत दफन करण्यास म्युनिसिपालिटीची परवानगी मिळाली नाही. तेव्हा देहास अग्नी द्यावा लागला. टिटवे धरण्याच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद उपस्थित केला असता सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. नंतर अस्थी घरामागे आणून त्या ठेविल्या व वर तुळशीवृंदावन बांधण्यात आले. हीच आज समाधी म्हणून पूजिली जाते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या म्युनिसिपालिटीने ही परवानगी दिली नाही, तिचेच जोतीराव १८७६ पासून १८८२ पर्यंत सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चावे असा ठराव १८८० साली तेथे आला, तेव्हा बत्तीस सभासदांत विरोध करणारे ते एकटे होते. लोकवस्तीत दफन न होऊ देण्याचा नियम आरोग्याच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. त्यात कोणाचा द्वेष शोधण्याचे कारण नाही. परंतु परिणाम असा झाला की, स्वतः निवडलेले स्थल त्यांस यथेच्छ मिळाले नाही. जे मिळाले ते अर्धे मिळाले : जागा तीच, पण विधी निराळा.

(४) दुसरा नकार

पस्तीस वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न त्याच संस्थेपुढे आला. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाची परंपरा चालविणारे तरुण पुढारी केशवराव जेधे यांनी १९२५ साली पुणे म्युनिसिपालिटीत जोतीरावांचा पुतळा उभारण्याची सूचना मांडली. ती सूचना फेटाळली गेली. या वादात शहर दुभंगले. त्याच वर्षी दिनकरराव जवळकर यांची ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका निघाली. तीत लोकमान्य टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांवर कठोर टीका होती. खटला झाला, शिक्षा झाली, व १९२६ साली अपिलात आरोपी सुटले. अपिलात त्यांची बाजू डॉ. भीमराव आंबेडकर यांनी मांडली. याच आंबेडकरांनी पुढे जोतीरावांस आपल्या तीन गुरूंत स्थान दिले, व १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ त्यांस अर्पण केला.

त्या वेळच्या भाषेची कठोरता दोन्ही बाजूंस होती, हे कोणीही निःपक्षपाती वाचक मान्य करील. पण भाषा बाजूस सारली तरी प्रश्न उरतोच. सर्व जातींच्या करातून चालणाऱ्या संस्थेच्या आवारात कोणाच्या स्मरणास जागा मिळावी, हा तो प्रश्न होय. पुतळ्याची उंची किंवा त्याचा खर्च हा वादाचा विषय नव्हताच. नगर कोणाचे, हा विषय होता.

(५) मंडईचे नाव

१९३० ते १९४० या दशकात वाऱ्याने दिशा बदलली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने १८८६ साली उघडलेली, अष्टकोनी रचनेची व मध्ये मनोरा असलेली भव्य मंडई ‘महात्मा फुले मंडई’ या नावाने ओळखली जाऊ लागली. हे नामकरण घडवून आणण्यात आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांचा पुढाकार होता. ही मंडई बांधण्याच्या खर्चास जोतीरावांचा विरोध होता व तो पैसा शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे होते, असे चरित्रकार नमूद करतात. तेव्हा ज्या वास्तूस त्यांनी विरोध केला तिलाच त्यांचे नाव मिळाले, हा विरोधाभास खरा. तथापि केवळ त्यावरून ही निवड अयोग्य ठरत नाही. पुणे परिसरातील माळी, कुणबी आपला माल डोक्यावर किंवा गाडीत घालून जेथे आणीत, तेथे शेतकऱ्याचा असूड हाती घेतलेल्या माळ्याच्या मुलाचे नाव असावे, यात औचित्य आहे. पूर्तकर्माची जी तिसरी रीत वर सांगितली, तिचे हे चांगले उदाहरण होय. पुतळ्याकडे वर्षातून दोन दिवस पाहिले जाते. मंडईचे नाव भाजी घेणाऱ्याच्या तोंडी रोज येते.

(६) भिडे वाड्याचा धडा

नाव देता येते, स्थल निर्माण करता येत नाही. याचे प्रत्यंतर भिडे वाड्याने दिले. मुलींच्या शिक्षणाचा आरंभ जेथे झाला तो हा वाडा दीर्घकाळ दुकानांच्या व भाडेकऱ्यांच्या ताब्यात राहिला. इमारत खचत गेली. स्मारकाचा विषय वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळला. अखेर २०२३ साली उच्च न्यायालयाचा व मागोमाग नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महापालिकेच्या बाजूने झाला आणि डिसेंबरात ती मोडकळीस आलेली इमारत पाडण्यात आली. स्मारकास जागा मोकळी झाली खरी. परंतु ज्या भिंतींनी पहिले पाठ ऐकले, त्या मात्र राहिल्या नाहीत. याउलट गंज पेठेतील घर राज्य शासनाने संरक्षित केल्यामुळे आज पाहता येते. ती पेठही आता महात्मा फुले पेठ झाली आहे. एकाच पुरुषाची दोन स्थले. एकाचे वेळीच रक्षण झाले, दुसऱ्याचे झाले नाही. वेळ हाच स्मारकाचा पहिला पाया होय.

(७) निष्कर्ष

वरील विवेचनावरून आमचे मत असे झाले आहे. अशा पुरुषाचे मुख्य स्मारक निवडताना प्रथम त्याची स्वतःची इच्छा पाहावी. ती कागदोपत्री असेल तर ती सर्वश्रेष्ठ प्रमाण. तिच्या खालोखाल कर्मभूमी, व त्यानंतर लोकोपयोगी वास्तूचे नामकरण. या कसोटीने पुण्यात समाधीचे घर हेच मुख्य स्मारक, भिडे वाड्याची जागा दुसरे व मंडई तिसरे ठरते. तिघांत स्पर्धा नाही. प्रत्येक स्थल चरित्राचा एकेक अध्याय सांगते.

परंतु एक अध्याय अद्याप कोणत्याही शिळेवर आलेला आमच्या पाहण्यात नाही. १८९० चा व १९२५ चा असे जे दोन नकार नगराने दिले, त्यांची नोंद समाधीजवळ किंवा मंडईच्या दाराशी साध्या शब्दांत कोरली जावी, असे आम्हांस वाटते. यात नगराची निंदा नाही. जुन्या ताम्रपटांत दान दिल्याचा उल्लेख असतो, तसा हिरावलेले परत दिल्याचाही असतो, व त्यानेच दात्याची कीर्ती वाढते. पुढील पिढीने केवळ नाव वाचले तर ते सहज मिळाले असे तिला वाटेल; नकार वाचला तर नावाची किंमत कळेल.

संग्राहक बंधूंस शेवटी एक विनंती. पेशवाईतील रुमालांचा शोध आपण आस्थेने घेतो. तीच आस्था सत्यशोधकांची हस्तपत्रके, जलशांच्या वह्या, म्युनिसिपल ठरावांच्या छापील प्रती व पेठांतील घरांची खरेदीखते यांच्या वाट्यास यावी. जोतीरावांचे समग्र वाङ्मय राज्य साहित्य संस्कृती मंडळाकडून १९६९ साली, म्हणजे निधनानंतर एकोणऐंशी वर्षांनी, एकत्र छापून निघाले. त्या अवधीत किती कागद वाळवीच्या मुखी गेले असतील, याचा विचार ज्याने त्याने करावा, व आपल्या माळ्यावरील पेट्या एकवार उघडून पाहाव्या.