दहा वर्षांचा वाण, तीन वर्षांचा प्रकल्प

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना 1968 मध्ये झाली आणि अहिल्यानगरसह पश्चिम महाराष्ट्रातील दहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. या विद्यापीठाने दिलेल्या ‘भगवा’ वाणावर आज देशाची डाळिंब निर्यात मुख्यतः उभी आहे, त्याच्या पाडेगाव केंद्रातून आलेला ‘फुले 265’ हा ऊस क्षारपड जमिनीतही तग धरतो, आणि रब्बी ज्वारीत हलक्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’, मध्यम जमिनीसाठी ‘फुले माऊली’ व ‘फुले सुचित्रा’, तर भारी जमिनीसाठी ‘फुले वसुधा’ व ‘फुले रेवती’ असे जमिनीच्या खोलीनुसार वाण शेतकऱ्याला उपलब्ध झाले आहेत. संशोधनाला मिळणाऱ्या सरकारी निधीची फेररचना देशपातळीवर होत असताना, अशा कामाला पैसा कोणत्या वाटेने आणि किती काळासाठी मिळतो, हे राहुरीच्या उदाहरणावरून तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल.

ज्वारीचा नवा वाण घडवताना पैदासकार, म्हणजे वाणनिर्मितीचे काम करणारा शास्त्रज्ञ, मादी म्हणून निवडलेल्या ताटाच्या कणसातील फुलांमधून पुंकेसर चिमट्याने अलगद काढतो, कणसावर कागदी पिशवी चढवतो आणि पुढे सकाळच्या वेळी दुसऱ्या वाणाचा पराग त्यावर टाकतो. या संकरातून आलेल्या संततीत दुसऱ्या पिढीपासून काही वर्षे एका ताटासारखे दुसरे ताट नसते. म्हणून अवर्षणात टिकणारी, खोडमाशीला दाद न देणारी, भाकरीला आणि कडब्याला चांगली अशी ताटे निवडत, गुण स्थिर होईपर्यंत पाच-सहा पिढ्या पुढे न्याव्या लागतात. त्यानंतर केंद्रावरच्या, अनेक ठिकाणच्या आणि शेतकऱ्यांच्या शेतातल्या चाचण्या होतात, राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, म्हणजे ‘जॉइंट ॲग्रेस्को’त, शिफारस होते, आणि पुढे पैदासकार, पायाभूत व प्रमाणित या क्रमाने बियाणे वाढवले जाते. रब्बी हंगाम वर्षातून एकदाच येत असल्याने या सगळ्यात दहा वर्षे सहज जातात.

या दहा वर्षांचा खर्च तीन वाटांनी भागतो. पहिली वाट राज्य शासनाच्या अनुदानाची. त्याचा मोठा भाग वेतन आणि निवृत्तिवेतनातच संपतो. दुसरी वाट भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पांची. एका पिकावर देशभरच्या केंद्रांनी एकाच आराखड्याने काम करावे अशी ही योजना 1957 मध्ये मक्यापासून सुरू झाली, आणि विद्यापीठांतील केंद्रांच्या खर्चाचा 75 टक्के वाटा परिषद, तर 25 टक्के राज्य उचलते. फारसा गाजावाजा नसलेली ही व्यवस्था खरी मोलाची आहे, कारण ती पिकाला बांधलेली आहे, मुदतीला नव्हे. तिसरी वाट मुदतबंद प्रकल्पांची. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी उच्चशिक्षण प्रकल्पातून राहुरीला हवामान अद्ययावत शेती व जल व्यवस्थापनाचे प्रगत केंद्र मिळाले. असे प्रकल्प उपकरणे आणि नवे कौशल्य आणतात. परंतु मुदत संपली की ती उपकरणे चालती ठेवण्याचा आणि कंत्राटी संशोधकांचा भार कोणी घ्यायचा, हा प्रश्न विद्यापीठाच्याच गळ्यात पडतो.

केंद्र सरकारच्या नव्या सुधारणांचा ओढा या तिसऱ्या वाटेकडे आहे. 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान निर्माण झाले. त्यासाठी पाच वर्षांत कल्पिलेल्या 50,000 कोटी रुपयांपैकी 14,000 कोटी केंद्राचे, तर उरलेले उद्योग, देणगीदार आदींकडून यावेत अशी अपेक्षा आहे. 2025 मध्ये त्याला एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास व नवोपक्रम निधीची जोड मिळाली, ज्यातून खासगी उद्योगाला दीर्घ मुदतीचे, अल्प वा शून्य व्याजाचे वित्तसाहाय्य मिळावयाचे आहे. संशोधनावरील देशाचा एकूण खर्च सकल उत्पादनाच्या अवघ्या 0.64 टक्के असताना हे स्वागतार्हच आहे. मात्र ज्या संकरित बियाण्याचे उत्पन्न दुसऱ्या वर्षी घटते, ते शेतकऱ्याला दरवर्षी विकत घ्यावे लागते, म्हणून कंपनी त्यात पैसा घालते. रब्बी ज्वारी किंवा हरभऱ्याच्या सरळ वाणाचे बी घरात राखता येते, आणि 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तो हक्क मान्यही केला आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचे हे हित कंपनीच्या ताळेबंदात मात्र बसत नाही, आणि म्हणून सोलापूर-अहिल्यानगरच्या ज्वारीवर खर्च करणारा सरकारशिवाय दुसरा कोणी नाही. कृषी संशोधनावरील प्रत्येक रुपयामागे 13.85 रुपयांचा परतावा मिळतो असे 2023-24 च्या आर्थिक पाहणी अहवालानेच नोंदवले आहे.

अमेरिकेने 1887 च्या हॅच कायद्यापासून प्रत्येक राज्यातील कृषी प्रयोग केंद्राला दरवर्षीचे निश्चित अनुदान दिले आणि स्पर्धात्मक अनुदाने पुढे त्यावर चढवली. भारतातही हाच क्रम हवा. समन्वित प्रकल्पांची तरतूद दहा वर्षांच्या हमीने व्हावी, आणि तिला आर्थिक वर्षाची कात्री लागू नये, कारण रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे मळणी, मोजणी आणि प्रतवारीचा खर्च नेमका मार्चअखेरच्या हिशेबात सापडतो. केंद्राने जून 2025 मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. राज्याच्या निधीतून होणाऱ्या खरेदीलाही तितकी मोकळीक असावी.

याहून निकडीची बाब पदांची आहे. कृषी विद्यापीठांत मोठ्या संख्येने पदे रिक्त आहेत, आणि पैदास हे असे काम आहे की कोणत्या ओळीतले कोणते ताट का राखले, याची जाण नोंदवहीत अर्धीच उतरते. मोहोळला 1930 च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेली ‘मालदांडी 35-1’ आजही पेरली जाते, ती अशाच निरखून केलेल्या निवडीमुळे. पैदासकार निवृत्त होण्याच्या आधी किमान दोन रब्बी हंगाम त्याच्या जागी येणारा शास्त्रज्ञ त्याच्यासोबत शेतात असावा, एवढी तरतूद वेतन अनुदानात करण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. वित्त विभागाची मंजुरी पुरेशी आहे.