टाचांच्या भेगा : मलम कोणते घ्यावे?

नवी मुंबई वसली ती भातखाचरांच्या आणि मिठागरांच्या जमिनीवर. उरण-पनवेलकडे खाऱ्या चिखलात अनवाणी राबणाऱ्यांच्या टाचांना भेगा ठरलेल्या. भेगेतून रक्त येऊ लागले, की बाजारातून महागाची डबी आणली जाते. पण किमतीपेक्षा डबीत काय आहे ते पाहावे.

तेल, मेण, व्हॅसलीन यांचे काम एकच : कातडीतला ओलावा उडू न देणे. म्हणून कोरड्या पायाला ती चोळून फारसा गुण येत नाही. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत, टिपावेत, आणि ओलसर असतानाच मलम लावून सुती मोजे घालावेत. आपले कोकमतेल याच कामाचे. गोळा वितळवून, कोमट झाल्यावर भेगांत भरावे.

टाच जाड, निबर झाली असेल तर नुसत्या तेलाने भागत नाही. औषधाच्या दुकानात युरिया असलेले मलम मागावे. ते निबर कातडी मऊ करते. उघड्या भेगेला मात्र ते झोंबते. आणि नाव एकच असले, तरी खताच्या पोत्यातला युरिया पायाला लावू नये!

ब्लेडने कातडी कापू नका. मधुमेहात पायाची जखम पुष्कळदा कळत नाही. अशांनी पाय भिजत न ठेवता डॉक्टरांना दाखवावे.

पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू खाचराच्या पाण्यात उतरतात आणि अशाच भेगांतून अंगात शिरतात. म्हणून लावणीआधीच भेगा भरून आणा, आणि चिखलात गमबूट घाला. भगिनींनो, हा नटण्यामुरडण्याचा विषय नव्हे.