गोळी त्याची, परिणाम दोघांवर

मार्च १९९८मध्ये अमेरिकेत व्हायग्राला मंजुरी मिळाली आणि पुरुषांच्या लिंगताठरतेच्या तक्रारीवर तोंडाने घ्यायचं परिणामकारक औषध हाती आलं. पण या तक्रारीची झळ बायकोलाही बसते. अपयशाच्या धास्तीने नवरा साधं जवळ येणंही टाळतो. तिला वाटतं, आपल्यातच काही कमी पडलं. २००५च्या ‘फीमेल्स’ या अभ्यासात जोडीदाराची अडचण सुरू झाल्यावर स्त्रियांची इच्छा, उत्तेजना आणि तृप्तीही घटल्याचं दिसलं. ज्यांचे जोडीदार औषध घेत होते, त्या स्त्रियांचा अनुभव तुलनेने बरा होता.

सगळ्याच जणींचं असं होत नाही. न्यूझीलंडच्या संशोधक ॲनी पॉट्स यांनी घेतलेल्या मुलाखतींत काही स्त्रियांनी सांगितलं, की गोळी घेतली म्हणजे संबंध झालाच पाहिजे, असा दबाव येतो.

रजोनिवृत्तीनंतर तर प्रश्न शरीराचाच असतो. इस्ट्रोजेन घटल्याने योनीमार्ग कोरडा, नाजूक होतो. मोठ्या खंडानंतर त्याची गाडी गोळीने रुळावर येते आणि तिच्या वाट्याला वेदना येतात. त्यावर वंगण जेल आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असे चांगले उपाय आहेत. मात्र तिला कुणी विचारतच नाही, हे मला फार खटकतं.

म्हणून डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जा. या तक्रारीमागे मधुमेह किंवा हृदयविकारही असू शकतो, म्हणून त्याची तपासणीही करून घ्या. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी मात्र ही गोळी घेऊच नये. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येतो.