फॉरमॅट मारण्याआधी...

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. मे म्हणजे आमच्या अकोल्यात अंगाची नुसती लाही लाही. त्यात कुरड्या-पापडांची घाई, कारण जठारपेठेतल्या आमच्या बचत गटाचा हाच खरा कमाईचा हंगाम. नेमकं त्याच दिवसांत भाचीचं लग्न निघालं आणि आम्ही आठ दिवस वर्ध्याला गेलो. निघताना गॅस बंद केला, तुळशीला पाणी घालायला शेजारच्या वहिनींना सांगितलं आणि मोठ्या शहाणपणानं घरचा मेन स्विचही बंद केला.

परत आल्यावर कॉम्प्युटर सुरू केला, तर रोजचं चित्र दिसेचना! काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तारीख-वेळेची काहीतरी तक्रार. तिथलं बटण दाबून पुढे गेले, तर दुसरी ओळ : ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. बस्स, पुढे काही नाही. चार वेळा बंद-चालू केला, देवाचं नाव घेतलं. ओळ काही हलेना.

पोटात गोळा आला. या कॉम्प्युटरात गटाचा पाच वर्षांचा हिशेब होता. कुणी किती भरले, कुणाचं कर्ज किती फिटलं, सारं त्यात. सोमवारी तो बँकेत दाखवायचा होता. रजिस्टर होतं, पण दीड वर्षापासून मीच कंटाळा करून ते लिहिणं सोडलेलं. गटातल्या एका काकूंना कळलं, तशा त्या धावत आल्या. “काहून वो ताई, मंग आमी भरलेले पैसे कोन सांगन?” त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. तेच जास्त लागलं.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “विंडोज उडालं असेल. फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.” विचारलं, “आतल्या फाइली?” “त्या जातील ना ताई!” भाजीतलं मीठ कमी आहे म्हणावं, इतक्या सहज!

रात्री लेकाला फोन लावला. तो शिकायला पुण्यात असतो. हा कॉम्प्युटर कुठल्या कंपनीचा तयार घेतलेला नाही. सुटे भाग आणून त्यानंच जोडलेला. बोर्ड जुना, हार्ड डिस्क जुनी, फक्त विंडोजसाठी एक नवी छोटी डिस्क बसवलेली. तो म्हणाला, “आई, कुणालाही फॉरमॅट करू देऊ नकोस. फाइली बहुतेक जागेवरच आहेत. त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता चुकलाय.”

मैत्रिणींनो, मी पडले कला शाखेची पदवीधर. पण त्यानं जे सांगितलं ते मला समजलं, म्हणून तुम्हालाही सांगते. आपण बटण दाबतो तेव्हा विंडोज लगेच जागं होत नाही. आधी बोर्डावरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम उठतो, त्याला बायोस म्हणतात. (नव्या कॉम्प्युटरांत त्याची जागा यूईएफआयनं घेतलीय.) घरात पहाटे पहिली उठणारी बाई जशी सगळीकडे एक नजर फिरवते, तसा तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क आहेत की नाही ते बघतो. मग डिस्कवरच्या बूटलोडरला हाक मारतो आणि तो बूटलोडर विंडोजला उठवतो. जुन्या पद्धतीत ही सुरुवात डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत असते, नव्या पद्धतीत त्यासाठी डिस्कचा एक छोटा वेगळा भाग राखलेला असतो. एवढीशी जागा बिघडली किंवा सापडली नाही, तरी अख्खा कॉम्प्युटर ठप्प! पण म्हणून आतलं सामान नाहीसं होत नाही. किल्ली हरवली म्हणून कुणी कपाट जाळतं का?

मग फोन कानाला लावून एकेक पाहणी सुरू झाली. आधी पेन ड्राइव्ह काढायला लावला, कारण कधी कधी कॉम्प्युटर त्यातच विंडोज शोधत बसतो. फरक पडला नाही. मग बटण दाबल्याबरोबर ‘डिलीट’ची कळ दाबत राहायला सांगितलं. बायोसचा पडदा उघडला. (काही कॉम्प्युटरांत त्यासाठी एफ-२ किंवा दुसरी कळ असते.) तिथे दोन्ही डिस्कची नावं दिसत होती. म्हणजे दोघी सुखरूप! पण तारीख कितीतरी वर्षांपूर्वीची होती.

लेक हसला. “आई, बटण-सेल संपला!” बोर्डावर घड्याळातल्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसताना तारीख आणि काही सूचना तो जपतो. भिंतीचा करंट चालू होता तोवर त्याच्यावर फार भार नव्हता. मी मेन स्विच बंद केला आणि म्हातारा झालेला सेल आठ दिवसांत दमला. आधी कुठल्या डिस्ककडे जायचं, ही सूचनाही त्याबरोबर पुसली गेली. मग कॉम्प्युटर जुन्या डिस्ककडे जाऊन विंडोज मागत बसला. तिथे आमचा हिशेब होता, विंडोज नव्हतंच!

सकाळी पन्नास रुपयांचा सेल आणला. प्लग काढून, आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून, बेरजेची खूण वर ठेवून तो बसवला. तारीख नीट केली, नव्या डिस्कला पहिला नंबर दिला आणि बदल जतन केले. दोन मिनिटांत ओळखीचं चित्र आलं. काकूंच्या नावापुढचा शेवटचा हप्तासुद्धा जिथल्या तिथे!

दर वेळी इतक्यावर भागत नाही. सैल झालेली केबल, बिघडलेला बूटलोडर, खरंच मरायला टेकलेली डिस्क, काहीही असू शकतं. बूटलोडरच बिघडला असेल, तर विंडोजच्या पेन ड्राइव्हमध्ये ‘स्टार्टअप रिपेअर’ची सोय असते. डिस्क बायोसमध्ये दिसतच नसेल किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करू नका, जाणकाराकडेच न्या. नव्या कॉम्प्युटरांत डिस्कला कुलूप असू शकतं, तेव्हा ४८ आकडी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा.

१९ जुलै २०२४ आठवतो? एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर सुरूच होईनात. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तिथेही एक फाइल काढल्यावर गाडी रुळावर येत होती, आतली माहिती शाबूत होती.

म्हणून दुरुस्तीवाल्याकडे जाताना दोनच वाक्यं लक्षात ठेवा. “पडद्यावर काय लिहून आलंय ते आधी वाचा,” आणि “फाइलींची कॉपी काढल्याशिवाय फॉरमॅट नको.” पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून न्या. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला सर्वसाधारणपणे थांबली. आता बऱ्याच जणी नवं विंडोज टाकून घेतील, तेव्हाही हीच वाक्यं उपयोगी पडतील.

आणि खरी चूक सेलची नव्हतीच, माझी होती. बायकांनी पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशांचा हिशेब मी एकाच जागी ठेवला होता. आता दर शनिवारी तो पेन ड्राइव्हवर उतरतो, रजिस्टरही पुन्हा सुरू केलंय. पेन ड्राइव्ह राहतो काकूंच्या घरी, तांदळाच्या डब्याशेजारी. परवा म्हणाल्या, “ताई, आता मले झोप येते.”

खरं सांगू? मलाही.